आजीचा दाखला आणि मैदानातली वर्षं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचा आपला रस्ता तिथेच बंद झाला. भारताच्या छांगतेने सुरुवातीलाच गोल करून आघाडी मिळवून दिली होती. नंतरचे दोन्ही गोल सॉंग उई-यंग या एकाच माणसाने मारले. त्या रात्रीपासून भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एकच घोषणा चालू आहे, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) खेळाडू आणा. म्हणजे ज्यांचे आईवडील किंवा आजी-आजोबा भारतातले, पण पासपोर्ट ब्रिटनचा, ऑस्ट्रेलियाचा, हॉलंडचा, अशा खेळाडूंना भारताकडून खेळू द्या. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला बांगलादेशकडून हमझा चौधरी उतरला होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटीबरोबर २०२१ चा एफए कप जिंकलेला, आई बांगलादेशी. तो सामना ०-० सुटला आणि नोव्हेंबरमध्ये ढाक्यात आपण ०-१ हरलो. मग तर घोषणेला आणखी जोर चढला. त्यांना जमतं, आपल्याला का नाही?

एक गोष्ट मात्र या गलक्यात कोणी पाहिली नाही. आपल्याला घरी बसवणाऱ्या सॉंगची कोणी आजी सिंगापूरची नाही. तो दक्षिण कोरियात जन्मला, २०१२ मध्ये अठराएक वर्षांचा असताना सिंगापूरच्या होम युनायटेड क्लबात आला, तिथेच खेळून मोठा झाला आणि २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झाला. म्हणजे सिंगापूरचा त्याच्यावर हक्क आहे तो तिथल्या मैदानात त्याने घालवलेल्या वर्षांमुळे. आणि ज्याच्या नावाने आपण हळहळतो त्या हमझाचा बांगलादेश? तोही आशिया चषकाला पात्र ठरला नाही. त्या गटातून गेला तो सिंगापूर.

माझं म्हणणं या एका फरकाभोवती आहे. देशाकडून कोणी खेळावं हे ठरवताना रक्ताच्या नात्याला आपण फार वजन देतो आणि इथल्या फुटबॉलमध्ये खपलेल्या वर्षांना जवळजवळ काहीच देत नाही. हे उलटं व्हायला हवं.

आधी नियम पाहू, कारण चर्चेत त्यांचा नेहमी काला होतो. फिफाला पहिल्यांदा त्या देशाचं नागरिकत्व लागतं. ते जन्मानेच मिळालेलं नसेल तर वर आणखी एक धागा लागतो: खेळाडू स्वतः त्या देशात जन्मलेला असावा, किंवा त्याच्या आईवडिलांपैकी, नाहीतर आजी-आजोबांपैकी कोणी तिथे जन्मलेलं असावं, किंवा तो तिथे ठरावीक वर्षं राहिलेला असावा. वयाच्या अठरानंतर आलेल्याला ही अट पाच वर्षांची आहे. आपल्याकडची अडचण फिफाची नाहीच. आपलं नागरिकत्व एकेरी आहे. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की भारताचं नागरिकत्व जातं. ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही. आणि २००८ पासून क्रीडा मंत्रालयाचं धोरण आहे की भारताकडून फक्त भारताचा नागरिकच खेळेल.

हा नियम मोडा असं मी म्हणणार नाही. माझ्या मते तो आहे तसाच राहावा. का, ते सांगण्याआधी चाहत्याच्या बाजूने थोडं बोलायला हवं, कारण देशाच्या संघाबद्दल आम्ही इतके हळवे का असतो हे त्याशिवाय कळणार नाही.

क्लब फुटबॉलने आम्हाला काय काय दाखवलं ते आठवा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, तेही राष्ट्रीय विजेतेपद नावावर असताना. पुणे एफसी गेला. मुंबई एफसी गेला. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली, पाठोपाठ धेंपोनेही. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रूनो कुटिन्हो दिले त्या गोव्याचे जुने क्लब राष्ट्रीय लीगमधून असे बाजूला झाले. एफसी पुणे सिटी हा आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) संघ २०१९ मध्ये गुंडाळला, त्याच्या जागी हैदराबाद आलं आणि २०२५ मध्ये ते हैदराबादही उचलून दिल्लीला नेलं. पुण्यातल्या ज्या पोराने नारंगी जर्सी घेतली होती त्याने आता काय करावं? दिल्लीला टाळ्या वाजवाव्यात? मुंबई सिटीत मँचेस्टरवाल्या सिटी ग्रुपने २०१९ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला तेव्हा केवढं कौतुक झालं होतं. २०२५ सरता सरता ते हिस्सा सोडून निघून गेले. त्याच वर्षी महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार संपत आला म्हणून आख्खी लीगच वेळेवर सुरू झाली नाही. खेळाडू सराव करायचा की नाही या विचारात आणि चाहते पाहायचं काय या विचारात.

आधुनिक फुटबॉल म्हणतात तो हाच. मालक बदलतो, गाव बदलतं, नाव बदलतं, जर्सीवरची जाहिरात तर दरवर्षी बदलते. ज्याची खरेदी-विक्री होत नाही असा एकच संघ आमच्याकडे उरतो, देशाचा. म्हणून त्या संघात कोण हा प्रश्न आम्हाला इतका लागतो. तिथेही बाजार शिरला तर आमच्या हातात काही राहत नाही.

पण बाजार शिरतो कुठून? लोकांना वाटतं परदेशी जन्माचा खेळाडू आला की बाजार आला. इतिहासात डोकावलं तर ही भीती फारशी टिकत नाही. लुईस मोंती १९३० ची विश्वचषक अंतिम फेरी अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ ची इटलीकडून, ती जिंकलाही. पुश्काश हंगेरीचा देव. १९६२ चा विश्वचषक तो स्पेनकडून खेळला. पोर्तुगालचा युसेबियो मोझांबिकमध्ये जन्मला. आयर्लंडने १९८८ च्या युरोत इंग्लंडला हरवलं तो गोल ग्लासगोत जन्मलेल्या रे हाउटनचा. आत्ताचा आपलाच प्रशिक्षक खालिद जमील कुवेतमध्ये जन्मला आणि मुंबईत फुटबॉल खेळला; त्याला कोणी परका म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. आईच्या बाळंतपणाच्या वेळी वडिलांची नोकरी कुठे होती, एवढंच पुष्कळदा जन्मस्थान सांगतं. शुद्ध देशी संघ असा काही कधी नव्हता.

माझ्या मते बाजार शिरतो तो कागदातून. आजी-आजोबांचा नियम हा पूर्णपणे कागदावर चालणारा नियम आहे. खेळाडूने त्या देशात पाऊल टाकलेलं नसलं तरी चालतं, आजीचा जन्मदाखला हवा. मग दाखले तयार होतात. १० जून २०२५ रोजी मलेशियाने व्हिएतनामला ४-० ने धुतलं. त्यातला एक गोल ब्राझीलमध्ये जन्मलेल्या फिगेरेदोचा आणि एक अर्जेंटिनात जन्मलेल्या ओल्गादोचा. सप्टेंबरमध्ये फिफाचा निकाल आला. अशा सात खेळाडूंच्या आजी-आजोबांचे मलेशियातले म्हणून दिलेले जन्मदाखले खोटे होते. मूळ नोंदी निघाल्या अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि हॉलंडमधल्या. सातही जणांवर बारा महिन्यांची बंदी आली आणि मलेशियाच्या महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड. त्याआधी २०१७ मध्ये तिमोर-लेस्तेची अशीच शोभा झाली होती. ब्राझीलमधले डझनभर खेळाडू, खोटे जन्माचे आणि बाप्तिस्म्याचे दाखले, शेवटी २०२३ च्या आशिया चषकातून हकालपट्टी.

आजी खोटी तयार करता येते. दहा हंगाम खोटे तयार करता येत नाहीत. प्रत्येक सामन्याची नोंद असते, पंचांचा अहवाल असतो, आणि पाहणारे असतात.

याचा अर्थ परदेशस्थ खेळाडू घेणं मुळातच वाईट असा काढू नका. मोरोक्कोने २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली तेव्हा त्यांच्या २६ पैकी १४ जण देशाबाहेर जन्मलेले होते. स्पेनला बाहेर काढणारी शेवटची पेनल्टी मारणारा हकिमी तर माद्रिदचाच. पण आपल्याकडे मोरोक्कोचं उदाहरण देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. पोर्तुगालला हरवणारा गोल एन-नेसिरीचा होता आणि एन-नेसिरी मोरोक्कोतल्याच फेस शहरात जन्मलेला, सालेजवळच्या मोहम्मद सहावे अकादमीत घडलेला. औनाही आणि अगुएर्दही तिथलेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोरोक्कोने वीस वर्षांखालचा विश्वचषकही अर्जेंटिनाला हरवून जिंकला. पॅरिस-ॲमस्टरडॅमच्या पोरांना बोलावताना त्यांनी घरात आधी पाया घातला होता. आपण पाया न घालता वरचा मजला मागतोय. पात्रता फेरीत हरून जागतिक क्रमवारीत १४२ वर घसरलेल्या देशाला हमझासारखा मधल्या फळीतला एक खेळाडू मिळाला तर चार सामने बरे जातील, पाचव्याला पुन्हा तेच.

इंडोनेशियाकडे बघा. त्यांचं नागरिकत्वही आपल्यासारखंच एकेरी. त्यांनी हॉलंडमध्ये जन्मलेले, इंडोनेशियन आजी-आजोबांचे खेळाडू रीतसर नागरिक करून घेतले, डच पासपोर्ट सोडायला लावून. मला त्या पद्धतीबद्दल आदर आहे. जो सोडतो त्याने काहीतरी पणाला लावलेलं असतं. संघ पार विश्वचषकाच्या पात्रतेच्या चौथ्या फेरीपर्यंत गेला आणि तिथे सौदी अरेबिया आणि इराककडून हरला. प्रश्न एवढाच राहतो की त्यातून जकार्ता-सुराबायाच्या पोरांना काय मिळालं. याचं उत्तर यायला दहा वर्षं लागतील.

म्हणूनच मी आपला पासपोर्टचा नियम मोडायला तयार नाही. आणि खरं सांगायचं तर दार बंदही नाही. पाच वर्षं ओसीआय कार्ड असेल आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहणं झालं असेल तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सने परकेपण असंच संपवलं. फुलहॅम, पोर्ट्समथ खेळून तो २०२३ मध्ये बेंगळुरूला आला, इथे हंगाम काढले, ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये भारताचा झाला. त्याची आई मुंबईची आणि आजोबा मुंबईकडून संतोष करंडक खेळलेले. पुणेकरांना अराता इझुमी आठवत असेल. वडील भारतीय, आई जपानी. पुणे एफसीच्या मधल्या फळीत तो खेळला, जपानचं नागरिकत्व सोडून २०१३ मध्ये भारताकडून उतरला. या दोघांना संघात घेताना कोणाची कुरकुर झाली नाही, कारण दोघांना आपण आधी इथल्या मैदानात पाहिलेलं होतं. हमझासारखा खेळाडू भारताला हवा असेल तर त्यालाही हाच रस्ता आहे. ये, एक वर्ष खेळ, आम्हाला बघू दे, तूही आम्हाला बघ.

गोव्यातला प्रश्न जरा वेगळा आहे आणि माझ्या मापाची खरी परीक्षा तिथे होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. हजारो कुटुंबांनी ती केली, स्विंडनसारख्या इंग्रजी गावात गोंयकारांची वस्ती झाली. समजा सासष्टीतला एक मुलगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत गावच्या मैदानात खेळला आणि मग आईवडिलांबरोबर पोर्तुगीज पासपोर्टवर गेला. दुसरा एक तिकडेच जन्मला, गोवा त्याने नाताळच्या सुटीतच पाहिला. ओसीआयवाल्यांच्या हिशेबात दोघं सारखे. पासपोर्टच्या हिशेबातही सारखे, दोघंही बाहेर. माझ्या हिशेबात मात्र पहिला आपल्या फुटबॉलने घडवलेला आहे आणि त्याच्या परतीची वाट दुसऱ्यापेक्षा सोपी असायला हवी.

आता ज्या दाराबद्दल कोणी बोलत नाही तिकडे वळतो. रँटी मार्टिन्स २००४ मध्ये नायजेरियातून धेंपोकडे आला तेव्हा कोवळा पोरगा होता. गोव्यात आठ वर्षं, मग कोलकाता, शिलाँग, पुन्हा कोलकाता. भारतीय लीगमध्ये दोनशेवर गोल. त्याच्याआधी १९८५ च्या सुमारास चिमा ओकोरी कोलकात्यात आला आणि मैदान गाजवून राहिला. धेंपोच्या विजेतेपदांची पाच वर्षं रँटीशिवाय सांगताच येत नाहीत. त्याच काळात भारतीय संघ गोलसाठी आधी भुतिया आणि मग छेत्री या एकेका माणसावर टेकून उभा होता. छेत्रीला तर निवृत्तीतून परत बोलावून चाळिशीत खेळवलं गेलं. या सगळ्या वर्षांत रँटीला कोणी गंभीरपणे विचारलं का, की बाबा, भारताचा होतोस का? पर्थचा, लंडनचा, टोरांटोचा पोरगा आपल्याला ‘आपला’ वाटतो आणि बारा वर्षं आपल्या लीगमध्ये घाम गाळलेला नायजेरियन ‘परदेशी कोटा’ वाटतो. याचं कारण फुटबॉलमध्ये शोधून सापडणार नाही. ते कातडीच्या रंगात आहे, आणि आफ्रिकन खेळाडूंना आपल्या प्रेक्षागृहांतून काय ऐकावं लागतं हे मैदानावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे संघ म्हणजे तालीम आणि तालीम म्हणजे पेठ. पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, शिवाजी. शाहू स्टेडियमवर कोण कुणाकडे बसतो यावरून घराणी ओळखता येतात. या पेठांच्या संघांतही बाहेरगावचे खेळाडू आले, नायजेरियन आले. पहिल्यांदा कट्ट्यावर चिडचीड होते, आमच्या पोरांची जागा खाल्ली म्हणून. मग तो पेठेतच खोली घेऊन राहतो, पहाटे त्याच मैदानात धावतो, ‘काय भावा’ म्हणायला शिकतो, आणि समोरच्या पेठेविरुद्ध एक गोल मारतो. पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्या तालमीने नेलं तर हीच माणसं गद्दार म्हणून ओरडतात. परक्याला कोणी गद्दार म्हणत नाही.

जागा खाल्ल्याचा आक्षेप मात्र खरा आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. आयएसएलमध्ये बहुतेक संघांचा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, परदेशी असतो म्हणून भारतीय स्ट्रायकर तयार होत नाहीत, हे वर्षानुवर्षं आपण बोलतो. त्यातला एक परदेशी नागरिक झाला तर क्लबमध्ये तो भारतीयांच्या जागेवर मोजला जाईल आणि मोकळ्या झालेल्या परदेशी जागेवर आणखी एक स्ट्रायकर येईल. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घातली. त्याच्यासारख्या पोराला पुढे वर चढायची शिडी आधीच अरुंद आहे. यावर माझं उत्तर असं की नागरिक झालेला खेळाडू देशासाठी भारतीय धरावा, पण क्लबच्या परदेशी कोट्यात त्याला पुढची दोन-तीन वर्षं मोजत राहावं. क्लबला त्यातून फायदा नाही म्हटल्यावर दलालांचा रस आपोआप आटेल.

दुसरा आक्षेप कतारचा. पैसे देऊन माणसं आणतील, म्हणे. २००४ मध्ये कतारने आयल्टन, देदे आणि लिआंद्रो या ब्राझीलच्या खेळाडूंना असंच ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा फिफाने घाईघाईने नियम आणून तो रोखला. २००८ मध्ये वास्तव्याची अट दोन वर्षांवरून पाच केली. पाच वर्षं भारतीय लीगमध्ये काढायला लावा. ज्याला फक्त पैसे हवेत तो त्याआधीच आखातात निघून गेलेला असेल.

भारताचा कायदा तर पाचवर थांबत नाही. ज्याची मुळं इथली नाहीत त्याला नागरिकत्वासाठी एकूण बारा वर्षांचं वास्तव्य लागतं. विसाव्या वर्षी आलेला फुटबॉलर बत्तिसाव्या वर्षी अर्ज करणार, म्हणजे गुडघे गेल्यावर. पण याच कायद्याच्या सहाव्या कलमात एक सवलत आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत लक्षणीय सेवा केलेल्यांना केंद्र सरकार या अटी माफ करू शकतं. यादीत क्रीडा नाही. संसदेत एक शब्द घालायचा प्रश्न आहे. तो घालताना पाच पूर्ण हंगाम भारतीय स्पर्धांत खेळल्याची अट जोडावी, दुसरं नागरिकत्व सोडण्याची अट तर आहेच.

तो शब्द येईल तेव्हा येईल. आज आयएसएल आणि तिच्या खालच्या लीगमध्ये तीन-चार हंगाम काढलेले, पंचविशीतले परदेशी खेळाडू असतील तर महासंघाने त्यांना बोलावून एकदा विचारावं, राहणार का? विचारायला नागरिकत्व कायद्याचं कुठलंच कलम आड येत नाही.